अखंड वाट : बंगळूरचे पदपथ आणि अपंग नागरिक

रस्ता ही नगराची पहिली सार्वजनिक सेवा होय. शाळा, दवाखाना, कचेरी, ग्रंथालय ही सारी त्यानंतर येतात; कारण त्यांच्या दारापर्यंत पोहोचता आले तरच त्यांचा उपयोग. कोणतीही सेवा सुरू करताना नगराचे कारभारी काही गोष्टी न बोलता गृहीत धरीत असतात. नागरिक आपल्या पायांनी चालत येईल, दारावरची पाटी डोळ्यांनी वाचील आणि पुकारलेला क्रमांक कानांनी ऐकेल, ही ती गृहीते होत. ज्यांच्या बाबतीत ती खरी ठरत नाहीत अशा माणसांची संख्या लहान नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. एकूण लोकसंख्येशी हे प्रमाण २.२१ टक्के पडते. एकट्या कर्नाटकात ही संख्या १३ लाख २४ हजारांवर होती. म्हातारपणाने गुडघे धरलेले, अपघातानंतर काही महिने कुबड्या घेऊन चालणारे किंवा दिवस गेलेल्या स्त्रिया यांची गणती या आकड्यात नाही.

या व्याख्यानाचा विषय आहे तो अशा नागरिकांच्या घरापासून कचेरीपर्यंतच्या वाटेचा. त्यासाठी बंगळूर शहराचे उदाहरण घेतले आहे, आणि त्याला कारण आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या नगराची हवा वर्षातील बहुतेक काळ सौम्य असते. पायी चालण्यास याहून अनुकूल असे महानगर देशात क्वचितच सापडेल. शिवाय अपंगांच्या सेवेची येथील परंपरा जुनी आहे. स्वतः चाकाच्या खुर्चीतून वावरणाऱ्या एन. एस. हेमा यांच्या पुढाकाराने १९५९ मध्ये येथे अपंगांची संघटना उभी राहिली. आज ती 'असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी' या नावाने ओळखली जाते. पुढे १९९४ मध्ये 'मोबिलिटी इंडिया', १९९७ मध्ये 'समर्थनम्' आणि १९९९ मध्ये 'एनेबल इंडिया' या संस्था निघाल्या. पोलिओने बालपणीच पांगळ्या झालेल्या मालती होळ्ळा याच शहराच्या. त्यांनी क्रीडाक्षेत्रात नाव मिळविले आणि २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कृत्रिम पाय, चाकाची खुर्ची, शिक्षण, नोकरीचे प्रशिक्षण हे सारे या शहरातील संस्थांनी दिले. परंतु संस्थेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकले की त्यांचा अधिकार संपतो आणि नगराची जबाबदारी सुरू होते. अडचण उभी राहते ती तेथे.

बंगळूरचा पदपथ कसा बांधलेला असतो हे प्रथम पाहिले पाहिजे. शहरातील जुन्या रस्त्यांवर पदपथ म्हणजे बहुधा पावसाच्या पाण्याच्या गटारावर आडव्या टाकलेल्या ग्रॅनाइटच्या लाद्या असतात. गटार साफ करायचे झाले की लाद्या उचलाव्या लागतात. पुन्हा बसविताना त्या सपाट बसतीलच असे नाही, आणि एखादी फुटली तर तेथे खड्डा राहतो. डोळस व धडधाकट माणूस तो ओलांडून जातो. पांढऱ्या काठीने वाट चाचपणाऱ्याला तोच खड्डा पाय मोडण्याचे कारण होतो. शहराचे भूषण असलेले जुने वृक्ष मुळांनी लाद्या उचलतात. वीज कंपनीची रोहित्रे, दूरध्वनीच्या पेट्या, जाहिरातींचे खांब हेही पदपथावरच उभे असतात. प्रत्येक घराच्या फाटकापुढे मोटार आत नेण्यासाठी पदपथ खाली उतरविलेला असतो, आणि लगेच पुन्हा वर चढविलेला असतो. त्यामुळे दोनशे पावलांच्या अंतरात दहा वेळा चढउतार करावा लागतो.

या चढउतारांचे गणित सोपे आहे आणि निर्दय आहे. चाकाची खुर्ची स्वतःच्या हातांनी चालविणाऱ्याला साधारणतः बारास एक या प्रमाणाचा उतार झेपतो; म्हणजे एक सेंटिमीटर उंची चढण्यास बारा सेंटिमीटर लांबी हवी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संकेतानुसार पदपथाची कड १५ सेंटिमीटरहून उंच असू नये. त्या उंचीला १ मीटर ८० सेंटिमीटर लांबीचा उतार पुरतो. कड जर ३० सेंटिमीटर असेल, आणि अशा कडा बंगळुरात काही दुर्मीळ नाहीत, तर हाच उतार ३ मीटर ६० सेंटिमीटर लांब करावा लागेल. त्या रस्त्यावरचा पदपथच मुळी तेवढा रुंद नसतो. मग कंत्राटदार उपलब्ध जागेत बसेल असा तीव्र उतार बांधून मोकळा होतो. कागदावर उतार झालेला असतो. त्यावरून खुर्ची मात्र चढत नाही, आणि उतरताना उलटण्याची भीती असते. म्हणून पदपथ उंच बांधणे ही पादचाऱ्याची सोय होय, हा समज टाकून दिला पाहिजे. उंची वाढविली जाते ती मोटारी व दुचाक्या वर चढू नयेत म्हणून. तिची शिक्षा भोगतो तो चालणारा.

हीच गोष्ट लोखंडी वा दगडी खांबांची. गर्दीच्या वेळी दुचाकीस्वार पदपथावरून गाडी हाकतात, हा बंगळूरकरांचा नित्याचा त्रास आहे. त्यावर उपाय म्हणून पदपथाच्या तोंडाशी खांब रोवले जातात. दोन खांबांत ९० सेंटिमीटरहून कमी अंतर राहिले तर दुचाकी अडो वा न अडो, चाकाची खुर्ची अडू शकते.

अंध व्यक्तींसाठी जमिनीत बसविल्या जाणाऱ्या पिवळ्या फरशांचा इतिहास लक्षात ठेवण्याजोगा आहे. जपानमधील सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये या फरशा तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरातील अंधशाळेजवळ त्या प्रथम बसविण्यात आल्या. त्यांची भाषा दोनच चिन्हांची आहे. लांब उंचवट्यांच्या पट्ट्या 'पुढे चला' असे सांगतात. गोल उंचवटे 'थांबा, येथे धोका वा वळण आहे' असे सांगतात. पायाने व काठीने वाचावयाची ही लिपी आहे. ती चुकीची लिहिली गेली तर वाचणारा फसतो. 'पुढे चला' सांगणारी पट्टी झाडाच्या बुंध्याशी किंवा रोहित्राच्या कुंपणाशी नेऊन सोडणे म्हणजे माणसाचा विश्वास संपादून त्याला खड्ड्यात ढकलणे होय.

हे दोष अज्ञानातून होतात, तसेच ते जबाबदारीच्या विभागणीतूनही होतात. पदपथ नगरपालिकेचा, त्याखालची जलवाहिनी व मलवाहिनी १९६४ मध्ये स्थापन झालेल्या पाणीपुरवठा व मलनिःसारण मंडळाची, रोहित्र वीज कंपनीचे, चौकातील दिवे वाहतूक पोलिसांच्या देखरेखीखाली, बसगाडी परिवहन महामंडळाची आणि स्थानक मेट्रो महामंडळाचे. यांपैकी प्रत्येकजण आपापले काम पुरे करतो आणि आपापल्या सीमेशी थांबतो. चाकाच्या खुर्चीतील नागरिकाला मात्र या साऱ्या सीमा एकाच फेरीत ओलांडावयाच्या असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये बृहत् बंगळूर महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या आणि त्यांच्या वर एक प्राधिकरण नेमले गेले. एका पालिकेची हद्द संपून दुसरीची सुरू होते तेथे पदपथाची पातळी एकच राहील की नाही, ही अपंगांच्या दृष्टीने या नव्या रचनेची एक खरी कसोटी आहे.

कायद्याची वाटचालही अशीच तुटकतुटक झाली. १९९५ च्या अपंगविषयक अधिनियमाने पदपथांना उतार, चौकात ध्वनिसंकेत, अंधांसाठी रस्ता ओलांडण्याच्या जागी स्पर्शाने जाणवणाऱ्या खुणा या गोष्टी सांगितल्या. परंतु त्या 'आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत' कराव्यात अशी सवलतही ठेवली. जेथे मर्यादा ठरविणारा आणि खर्च करणारा एकच असतो तेथे मर्यादा फार लवकर येते. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने अपंगांच्या हक्कांचा करार संमत केला व २००७ मध्ये भारताने त्यास मान्यता दिली. त्यानुसार २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. जुन्या सार्वजनिक इमारती नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांत सुगम कराव्यात, असे त्याने सांगितले. नियम जून २०१७ मध्ये निघाले. जून २०२२ मध्ये मुदत सरली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांतील पंधरावा नियम रद्द ठरविला. अधिनियमाने जे बंधनकारक केले ते नियमाने ऐच्छिक करून टाकले होते, हे त्याचे कारण. पुढे १४ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती अभय ओक व न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या पीठाने अडथळारहित पदपथ हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि ते अपंगांना वापरता येतील असे असावेत, हेही स्पष्ट केले. उतार ही नगराने केलेली मेहेरबानी आहे, ही भाषा यानंतर कोणाला शोभणार नाही.

चांगले काम होऊ शकते, याचा पुरावा बंगळुरातच आहे. गेल्या दशकात 'टेंडरशुअर' नावाच्या योजनेखाली रेसिडेन्सी रोड, विठ्ठल मल्ल्या मार्ग, सेंट मार्क्स रोड, कनिंगहॅम रोड अशा मध्यवर्ती रस्त्यांची नव्याने आखणी झाली. वाहनांच्या मार्गिका सर्वत्र सारख्या रुंदीच्या ठेवल्यामुळे उरलेली जागा पदपथाला मिळाली. पाणी, वीज, दूरध्वनी यांच्या वाहिन्या पदपथाखाली आखून घातल्या, म्हणजे दुरुस्तीसाठी रस्ता वारंवार उकरावा लागू नये. पदपथ रुंद झाले, तसे त्यावर चालणारेही वाढले. मात्र ही सुधारणा शहराच्या गाभ्यातील मोजक्या रस्त्यांपुरती राहिली. अपंग नागरिक जेथे राहतात त्या वस्त्यांपासून या रस्त्यांपर्यंत येण्याची वाट जुनीच आहे.

वाहनांचेही तसेच. २० ऑक्टोबर २०११ रोजी बय्यप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी मार्ग या टप्प्यावर मेट्रो धावू लागली, तेव्हापासून तिच्या स्थानकांत उद्वाहने आणि अंधांसाठी स्पर्शफरशा आहेत. फलाट व डब्याची पातळी जवळजवळ एक असल्याने खुर्ची आत नेता येते. परंतु स्थानकाचे फाटक ओलांडले की बाहेर तोच फुटका पदपथ भेटतो. बसगाड्यांच्या बाबतीत, साध्या गाडीच्या उंच पायऱ्या हा जुना अडसर. सपाट व खाली असलेल्या तळाच्या गाड्या बंगळुरात प्रथम मोठ्या प्रमाणावर आल्या त्या वातानुकूलित स्वरूपात, आणि त्यांचे भाडे साध्या गाडीहून अधिक. ज्यांच्या मिळकतीला अपंगत्वाने आधीच कात्री लावलेली, त्यांना चढता येण्यासाठी जादा दाम मोजावे लागले. शिवाय गाडीचा तळ खाली असून भागत नाही. चालकाने ती थांब्याच्या कडेला चिकटून उभी केली पाहिजे, आणि थांब्यापुढची जागा दुचाक्यांनी व्यापलेली नसली पाहिजे.

पदपथाच्या चर्चेत फेरीवाल्यांवर खापर फोडण्याची सवय आहे. तेथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. पदपथावर पोट भरणाऱ्यांचा उपजीविकेचा प्रश्न जीविताच्या हक्काशी जोडलेला आहे, हे मुंबईच्या ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ मध्येच मान्य झाले, आणि २०१४ मध्ये पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र अधिनियम झाला. पदपथावरच्या अनेक लहान टपऱ्या अपंगांच्याच आहेत. एके काळी सार्वजनिक दूरध्वनीची केंद्रे देताना त्यांना प्राधान्य मिळत असे, आणि ती बहुधा रस्त्याच्या कडेलाच उभी राहिली. तेव्हा एका दुबळ्याला उठवून दुसऱ्याला वाट देणे हा न्याय नव्हे. चालण्याची पट्टी आणि विक्रीची पट्टी वेगळी आखणे, आणि पहिलीत कोणाचीही वस्तू, मग ती टपरी असो, मोटार असो की सरकारी रोहित्र असो, येऊ न देणे, हा मार्ग आहे. टपरी एका दिवसात हलते. रोहित्र वर्षानुवर्षे हलत नाही, आणि त्याबद्दल कोणी ओरडत नाही.

'या सोयी वापरणारे दिसतातच किती?' असा प्रश्न कचेऱ्यांतून वारंवार विचारला जातो. ज्या नदीवर पूल नाही तिच्या काठी उभे राहून, पोहून जाणारे किती ते मोजावे आणि त्यावरून पुलाची गरज ठरवावी, तसा हा प्रश्न आहे. वाट नाही म्हणून माणूस बाहेर पडत नाही. तो दिसत नाही म्हणून वाट होत नाही. दरम्यान त्याची शाळा सुटते, नोकरी हुकते, दवाखान्याची फेरी लांबते, आणि प्रत्येक फेरीसाठी घरातील कोणाला तरी रोजगार बुडवून सोबत जावे लागते. अमेरिकेत कॅलमझू नगरात १९४० च्या दशकात युद्धातून परतलेल्या अपंग सैनिकांसाठी पदपथांना उतार केले गेले. जेथे जेथे असे उतार झाले, तेथे बाबागाडी ढकलणाऱ्या आया, हातगाडीवाले, सामान ओढणारे प्रवासी आणि वृद्ध यांनीही ते आपलेसे केले.

मग करावे काय? उपाय महागडे नाहीत, पण त्यांना क्रम आहे. शहरभर सुटे उतार शिंपडण्याऐवजी एक दवाखाना, एक शाळा, एक प्रभाग कार्यालय घ्यावे, आणि जवळच्या बसथांब्यापासून त्याच्या आतल्या खिडकीपर्यंतची सबंध वाट एकाच अधिकाऱ्याच्या नावे करावी. काम पुरे झाल्याचा दाखला अभियंत्याने देण्याआधी चाकाच्या खुर्चीतील एका नागरिकाने व पांढरी काठी घेतलेल्या दुसऱ्याने ती वाट सोबतीविना पार करून पाहावी. आत गेल्यावर खिडकी बसलेल्या माणसाच्या हाताला यावी, पुकारलेला क्रमांक पाटीवरही दिसावा आणि पाटीवरचा क्रमांक पुकारलाही जावा. शौचालयाचे दार खुर्ची आत जाईल इतके रुंद असावे व त्याला कुलूप नसावे. आणि जो कोणी रस्ता उकरील त्याने तो पूर्वीच्या पातळीवर आणून दिल्याखेरीज त्याची अनामत परत होऊ नये. कारण बांधलेली वाट मोडते ती बहुधा दुरुस्तीतच.

साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढी असते, हे येथे अक्षरशः खरे आहे. घरापासून कचेरीपर्यंतच्या एक हजार मीटरांपैकी नऊशे नव्वद मीटर निर्दोष असले आणि दहा मीटर दुर्गम असले, तर तो नागरिक नऊशे नव्वद मीटर जात नाही. तो घरीच राहतो. बंगळूरने उत्तम स्थानके बांधली, काही उत्तम रस्ते बांधले, अपंगांच्या उत्तम संस्था जोपासल्या. आता त्यांच्यामधले ते दहा मीटर बांधावयाचे आहेत.