ट्रॅक्टर वाटेत बंद पडला तर

मुरबाडहून कल्याणच्या बाजार समितीत भाजी नेताना ट्रॅक्टर अचानक बंद पडला, तर घाबरू नका. तो कडेला घ्या, ट्रॉलीच्या चाकांना दगड लावा. उगाच स्टार्टर मारू नका, बॅटरी उतरेल. टाकीत डिझेल आहे ना, कॉक उघडा आहे ना, ते बघा. पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी होते. फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून ते काढा. लाइनने हवा धरली असेल, तर वरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले, की स्क्रू आवळा. रेल्वे फाटकात बंद पडला, तर मात्र दुरुस्ती नंतर. आधी माणसे उतरवा, गेटमनला कळवा. भाजी पुन्हा पिकेल. माणूस पुन्हा मिळत नाही.