वसतिगृहात राहता? मग मतदार नोंदणी कुठे?



गाव लातूरकडचं.
कॉलेज पुण्यात, मुक्काम वसतिगृहात.
मग मतदार यादीत नाव कुठे घालायचं?

गावी, आईवडिलांच्या पत्त्यावर चालतं.
वसतिगृहाच्या पत्त्यावरही चालतं.
निवड तुमची.
पण नाव एकाच ठिकाणी.

पहिल्यांदाच नाव नोंदवताय?
नमुना 6 भरा.
वसतिगृहाचा पत्ता देणार असाल, तर बोनाफाईड प्रमाणपत्र जोडा.
त्यावर प्राचार्यांची किंवा कुलसचिवांची सही हवी.
अभ्यासक्रम मान्यताप्राप्त हवा.
तो किमान एका वर्षाचा हवा.

पूर्वी 18 वर्षं पूर्ण झाली, तरी जानेवारीची वाट पाहावी लागे.
आता तसं नाही.
जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर.
या महिन्यांची 1 तारीख धरली जाते.

गावच्या यादीत आधीच नाव आहे?
मग पुन्हा नमुना 6 नको.
पत्ता बदलण्यासाठी नमुना 8 भरा.
पुन्हा सांगते, नाव एकाच ठिकाणी.
दोन ठिकाणी नाव कायद्याला चालत नाही.

मतदानाला गावी जाणं जमणार नसेल, तर कॉलेजच्या शहरातच नोंदणी करा.
मला तेच बरं वाटतं.

काही अडलं, तर मतदार मदत क्रमांक लावा.
1950.
एक, नऊ, पाच, शून्य.