होडीत मोबाइल चार्जिंग

आखाडा बाळापूरच्या परिसरातून पैनगंगेवरच्या इसापूर जलाशयात मासेमारीला जाणाऱ्या बांधवांसाठी आजची माहिती. रात्री भर पाण्यात वारा सुटला आणि मोबाइल बंद पडला, तर मदत मागायची कशी? होडीत दिव्यासाठी १२ व्होल्टची बॅटरी असेल, तर तिच्यावर यूएसबी सॉकेट बसवता येतं.

साध्या यूएसबीतून मोबाइलला ५ व्होल्ट मिळतात. म्हणून बॅटरीची वायर थेट जोडू नका. व्होल्टेज उतरवणारं सर्किट आत असलेलं, रबरी झाकणाचं सॉकेट घ्या. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात ते मिळतं.

खरा जीव फ्यूजमध्ये आहे. तो सॉकेटपाशी नव्हे, बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभराच्या आत हवा. फ्यूज वायरला वाचवतो. मध्येच वायर सोलवटून शॉर्ट झाली आणि फ्यूज त्या जागेच्या पुढे, सॉकेटच्या बाजूला असला, तर वायर तापून पेटते. दोन मोबाइलच्या साध्या सॉकेटला ५ अँपिअरचा फ्यूज आणि दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पुरते. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड ओलाव्याने हिरवा पडतो, सैल होतो. त्याऐवजी वायरच्या टोकाला लग, म्हणजे धातूचं टोपण, दाबून बसवा.

स्विचही लावा. मोबाइल नसतानाही सॉकेट थोडी वीज खातंच. ७ अँपिअर-तासांच्या छोट्या लेड-ॲसिड बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, आणि तेवढ्यात ५००० एमएएचचा मोबाइल दोनदाही पुरता भरत नाही. दिव्याचा हिशेब आधी करा.

सगळी जोडणी काठावरच करा, आणि फ्यूज शेवटी बसवा.