जामीन मंजूर, माणूस आतच
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मी शेतकीचा पदवीधर. बोंडअळी सोडून हा कायद्यावर काय बोलतो, असे तुम्हाला वाटेल. पण मागच्या हंगामात आमच्याकडे एका सालगड्याच्या पोराला विहिरीवरच्या मोटारीच्या चोरीत धरले. जामीन मंजूर झाला, जामीनदार मिळेना. ज्याच्याकडे सातबारा तो म्हणे, माझ्या जमिनीवर बोजा नको. ज्वारीची सोंगणी झाली, कापसाची शेवटची वेचणी झाली, पोर आतच. चोरी केली की नाही, हे कोर्टाने अजून पाहिलेही नव्हते.

आता हिशेब करू. साध्या चोरीला जास्तीत जास्त शिक्षा ३ वर्षे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ म्हणते, पूर्वी कधी शिक्षा झालेली नसेल आणि कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा आत काढला, तर त्याला जातमुचलक्यावर सोडावे. जुन्या कायद्यात निम्मा हिस्सा होता. म्हणजे दीड वर्षाचे एक वर्ष झाले. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे नाही. आधीच्या खटल्यांनाही ते लागू, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले.

सुधारणा चांगली. पण त्याच कलमाचे दुसरे पोटकलम वाचा! एकाहून जास्त खटले चालू असतील तर ही सवलत नाही. रास्ता रोकोत आपल्या पोरांवर किती गुन्हे लागतात, ते तुम्ही जाणता. दोषी एकातही ठरलेला नसतो, तरी तो बाहेर राहतो तो फक्त सवलतीच्या. हे पोटकलम बदलले पाहिजे, ही आपली मागणी आहे.

वकिलाचे काय? १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, मिळकत कितीही असो. बायांना आणि अनुसूचित जाती-जमातींनाही तसेच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. वकील भेटला की दोनच गोष्टी विचारा: कमाल शिक्षा किती, आणि आत दिवस किती झाले?

आणि जामीन मिळूनही महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही, तर अट सैल करता येते का हे कोर्टाने आपणहून पाहावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०२३ चा आदेश आहे. तो दाखवल्यावरच आमचे पोर सुटले. आम्हालाच तो उशिरा कळला. तोवर त्याच्या आईने दोन शेळ्या विकून खासगी वकिलाला पैसे दिले होते. पावती नाही.