रेघ किती जाड?

(मंडळाच्या रविवारच्या गप्पांच्या कार्यक्रमात सनीव्हेल येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारलं, "रेघेच्या जाडीवर वीस मिनिटं काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, आर्किटेक्ट नव्हे. पण घरांचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसांसाठी ऑटोकॅडभोवतीची प्रोग्रामिंगची कामं गेली काही वर्षं करतो आहे. आणि इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी घराला एखादी खोली वाढवली आहे, नाहीतर वाढवायचं मनात आहे. तेव्हा विषय तुमचाच आहे.

नकाशा म्हणजे काय? जमिनीपासून साधारण चार फुटांवर घर आडवं कापलं आणि वरून पाहिलं, तर जे दिसेल ते. जे कापलं गेलं, म्हणजे भिंती आणि खांब, ते जाड रेघेत. जे खाली दिसतं, म्हणजे ओटा आणि पायऱ्या, ते मध्यम रेघेत. मापं आणि फरशा बारीक रेघेत. एकही अक्षर न वाचता कारागिराला भिंत कोणती आणि फरशी कोणती हे कळतं, ते या जाडीमुळे.

माझे मामा पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. मूळ नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून तो शाईने गिरवायचा, हे त्यांचं काम. प्रत्येक जाडीचं पेन वेगळं. चुकली रेघ की ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची. फार बारीक किंवा फिकी रेघ असली तर अमोनिया प्रिंटमध्ये ती उमटतच नसे. म्हणून रेघ मारण्याआधीच जाडी ठरवावी लागे.

त्या पेनांचे आकडे मोठे मजेदार आहेत: ०.२५, ०.३५, ०.५, ०.७, १.० मिलिमीटर. प्रत्येक आकडा आधीच्याच्या सुमारे १.४ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतका. कागदाच्या ए४, ए३, ए२ या मापांतही लांबीरुंदीचा फरक तेवढाच. त्यामुळे ए३ वरचा नकाशा मोठा करून ए२ वर काढला की ०.३५ ची रेघ आपोआप ०.५ ची होते, आणि दुरुस्तीसाठी नेमकं त्याच मापाचं पेन हाताशी असतं. अमेरिकेत मात्र कागदाची मापं वेगळी, २४ बाय ३६ इंच किंवा ११ बाय १७. इथे ते गणित जुळत नाही.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. ऑटोडेस्क कंपनी १९८२ साली गोल्डन गेटच्या पलीकडे, मिल व्हॅलीत सुरू झाली. सुरुवातीच्या ऑटोकॅडमध्ये रेघेला जाडीचा वेगळा गुणधर्म नव्हता, रंग होता. तेव्हाचे प्लॉटर खरोखरची पेनं धरून कागदावर फिरवत. लाल रंग म्हणजे एक नंबरचं पेन, पिवळा म्हणजे दोन नंबरचं. रंगावरून पेन आणि पेनावरून जाडी! १९९९ मध्ये ऑटोकॅड २००० आलं तेव्हा रेघेला स्वतःची जाडी मिळाली. तरीही रंगावरून जाडी ठरवायची पद्धत अनेक ऑफिसांत आजही चालू आहे. ती जाडी सीटीबी नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये असते. पुण्याहून नकाशा आला आणि ती फाईल मागे राहिली, तर इथे छापताना जाड्या बदलतात.

शिवाय स्क्रीनवर फसगत होते. जाडी दाखवणारं बटण बंद असेल तर सगळ्या रेघा सारख्याच दिसतात. चालू केलं तरी मॉडेल स्पेसमध्ये जाडी पिक्सेलमध्ये मोजली जाते, त्यामुळे कितीही झूम करा, रेघ तेवढीच राहते. कागदावर काय उमटणार ते लेआउटमध्येच पाहावं.

यात बिघडतं काय, ते सांगतो. सनीव्हेलमधल्या माझ्या एका मित्राने आईवडिलांसाठी खालीच एक खोली वाढवायला घेतली. नकाशात ठेवायच्या भिंती ०.७ मिलिमीटरच्या अखंड रेघेत, पाडायच्या भिंती त्याच जाडीच्या तुटक रेघेत. तुकड्यांमधली फट दीड मिलिमीटर. मोठ्या कागदावर सगळं स्वच्छ होतं. साइटवर नेणं सोयीचं म्हणून ऑफिसने ११ बाय १७ चा लहान सेट थेट सॉफ्टवेअरमधून काढून दिला. नकाशा निम्म्याहून लहान झाला, फट जेमतेम ०.७ उरली. पण जाडीही प्रमाणात कमी करण्याची खूण केलेली नव्हती. रेघेची टोकं गोल असतात, दोन्हीकडून ०.३५ पुढे सरकतात. बेरीज करा. फट बुजली, तुटक रेघ अखंड झाली.

आता पाडायची भिंत आणि छपराचा भार घेणारी भिंत सारखीच! कामगाराने दोन्हींवर फुल्या मारल्या. सुताराने वर आढ्याकडे पाहिलं, त्याला शंका आली आणि त्याने मोठा कागद मागवला. काम दोन दिवस थांबलं, एवढ्यावर निभावलं. त्या खोलीत आता काका-काकू राहतात.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, लहान सेट हवा असेल तर मोठ्या सेटच्या पीडीएफवरूनच छापा. त्यात नकाशाबरोबर जाडीही लहान होते. दोन, शून्य जाडीची रेघ ठेवू देऊ नका. शून्य म्हणजे त्या यंत्राला जमेल तितकी बारीक, आणि ६०० डीपीआयच्या प्रिंटरवर ती ०.०४ मिलिमीटर होते, जवळजवळ अदृश्य. तीन, सही करण्याआधी कागद हातभर दूर धरा आणि मापं न वाचता विचारा, कुठली भिंत राहणार, कुठली जाणार? उत्तर लगेच मिळालं नाही, तर आर्किटेक्टला फोन करा. त्याला राग येणार नाही, आणि आला तरी भिंतीपेक्षा तो स्वस्त पडेल.

मंडळी, चहा आला आहे. कुणाकडे घराचा नकाशा असेल तर घेऊन या, चहा पितापिता बघू.