शब्द सारखे, अर्थ निराळे



भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आला. राज्य बदलले, शेजार बदलला नाही.

दोन्ही भाषांनी संस्कृतातून घेतलेले काही शब्द रूपाने एक, अर्थाने भिन्न आहेत. मराठीत ‘अवसर’ म्हणजे संधी; प्रचलित कन्नडात घाई. हिंदीतला ‘उपन्यास’ म्हणजे कादंबरी. कन्नडात तेच व्याख्यान. मराठीतले ‘अनुमान’ हा तर्क; कन्नड व्यवहारात तो संशय. शेजाऱ्याने बोलून दाखवलेला संशय मराठी माणसास साधा तर्कच वाटला, तर त्याचे निरसन व्हावे कसे?

म्हणूनच सीमाभागातील ग्रंथालयात मराठी कोशाशेजारी कन्नड कोशही हाताशी हवा. अनोळखी शब्दासाठी कोश सारेच उघडतात. इथे तो ओळखीच्या शब्दासाठीही उघडावा लागतो.