जाहिरातीचा सांधा
(गणेशोत्सवातील भाषण)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर, व्यापारी नव्हे. पण धाकट्या भावाने इथे जबलपुरात एसी-कूलर दुरुस्ती सुरू केली आणि मलाही शिकावे लागले. एका एजन्सीने त्याची जाहिरात गूगलवर लावून दिली. फोन खूप आले. पण कुणी कटनीहून, तर कुणी नोकरी मागायला! पैसे जातात ते क्लिकचे, काम मिळो वा न मिळो. दोन महिन्यांत भावजयीने साठवलेली रक्कम संपली.

इंटरलॉकिंगमध्ये सांधा नीट बसल्याशिवाय सिग्नल मिळत नाही. जाहिरातीत तसे संरक्षण नाही; सांधा आपणच बघायचा. आम्ही परिसर राइट टाउन, गोरखपूर, मदन महाल एवढाच ठेवला. ‘नोकरी’, ‘ट्रेनिंग’ हे शब्द वगळले. रात्री जाहिरात बंद. कोणत्या फोनवरून काम मिळाले ते वहीत मांडले. फोन निम्म्यावर आले, कामे मात्र वाढली.

शिवाय गूगलवर व्यवसायाची नोंद फुकट होते. नकाशातला क्रम कामाचा प्रकार, अंतर आणि नावलौकिक यांवर ठरतो. तो पैशाने मिळत नाही. म्हणून ग्राहकांचे खरे अभिप्राय मोलाचे.

१९९६ साली मुंबईत जस्टडायल सुरू झाले, तेव्हा लोक फोन करून मिस्त्रीचा नंबर विचारत. आज मोबाइलवर शोधतात. विश्वास मात्र तेव्हाही लागे, आजही लागतो. आपल्यातला एखादा मुलगा असा धंदा करत असेल, तर त्याला काम द्या. आवडले तर दोन खऱ्या ओळी लिहा.

गणपती बाप्पा मोरया!